'विकत मिळतं की!'

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं झालं, पुण्याला. मी नाशिकहून सकाळच्या एसटीने गेले, सोबत बाळंतविडा. आमच्या घरच्या पद्धतीचा: जुन्या मऊ साडीची दोन दुपटी, चार झबली, कुंची आणि लोकरीचा एक सेट. स्वेटर, टोपी, पायमोजे. रंग फिकट हिरवा, कारण मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही आणि कळूही नये. सात महिन्यांपासून तयारी चालली होती म्हणा ना!

पाळण्याजवळ सगळ्या बायका जमल्या. बाळंतविडा हातोहात फिरला. आणि आमच्या नात्यातल्या एक बाई (नाव लिहीत नाही, त्या इथे वाचतात) तो स्वेटर दोन बोटांत उचलून म्हणाल्या, "छान आहे हो! पण कशाला एवढे डोळे फोडलेत या वयात? ऑनलाइन चारशेला येतो अस्सा. दुसऱ्या दिवशी दारात!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ३४ वर्षं वर्गात काढलेल्या बाईला चारचौघांत हसता येतंच. पण परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. मंचर गेलं, नारायणगाव गेलं, आळेफाट्याला चहा घेतला तेव्हा कुठे खरं उत्तर सापडायला लागलं. चांगली उत्तरं नेहमी आळेफाट्यालाच का सुचतात कोण जाणे. तर मंडळी, ते उत्तर आज लिहिते आहे. थोडं लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी ऑनलाइन मागवावं :-)

आधी डोळ्यांचं. विणायला डोळे लागतात हा न विणणाऱ्यांचा समज आहे. सुलट-उलट विणताना डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. आमच्याकडे लोडशेडिंगचे दिवस होते तेव्हा तासन् तास काळोखात बसून मी पाठीचे भाग विणले आहेत. टाका सुटला तर तो बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. शिवाय माझं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे टाके पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. दुखतो तो अंगठा. पण अंगठ्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

आता चारशे रुपयांचं. इथे मी आधीच कबूल करते की विणण्याने पैसे वाचतात हा युक्तिवाद आता संपला. तो एकेकाळी खरा होता. माझ्या लहानपणी तयार स्वेटर विकत घेणं ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. आमच्या घरी कानपूरच्या लाल इमलीची लोकर आली की सण असायचा, आणि ती लोकर एका माणसासाठी कधीच येत नसे. थोरल्या भावाचा स्वेटर आखूड झाला की आई तो उसवायची. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी असते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली पितळी तांब्या अडकवून दोरीवर वाळवायची. तांब्याच्या वजनाने वळ्या निघून धागा सरळ होतो. मग त्यात दुसऱ्या रंगाची एखादी लडी मिळवून माझा स्वेटर व्हायचा, आणि माझा उसवून धाकटीचा. माझ्या धाकट्या बहिणीने वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत पट्टे नसलेला स्वेटर घातलाच नव्हता. तिला वाटायचं स्वेटर हा प्राणीच पट्ट्यांचा असतो.

हे आता गेलं. आज बाळाच्या लोकरीचे दोन गुंडे घेतले तरी मला साडेतीनशे रुपये पडतात. बरं, ती लोकरही बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असतं. (दुकानदाराला विचारू नका, एक धागा तोडून पेटवून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. शेगडीपाशी वावरणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकची शाल देऊ नये, हे मी प्रत्येकीला सांगते आणि कुणीही ऐकत नाही.) म्हणजे नुसत्या कच्च्या मालातच मी तुमच्या चारशेच्या जवळ पोचले. वर माझे हात फुकट धरा.

पण फुकट का धरायचे? एकदा हिशेब करूच. मला आवडतो हिशेब. वर्षाच्या मुलाचा स्वेटर घ्या. बॉर्डरला १२ नंबरच्या सुया, वर १० नंबरच्या. पाठीला ७० टाके आणि साधारण ९० ओळी, म्हणजे ६,३०० टाके. पुढचा भाग तेवढाच. बाहीला सरासरी ४४ टाके आणि ६० ओळी, म्हणजे २,६४०, आणि बाह्या दोन. बेरीज १७,८८०. गळ्याची पट्टी धरून अठरा हजारांच्या वरच जाणार. मी आता मिनिटाला २० टाके विणते. म्हणजे १५ तास, जोडणं आणि धागे लपवणं वेगळं. तासाला शंभर रुपये धरा. माझी शाळेतली शेवटची मास्तरकी यापेक्षा महाग होती, पण असू दे. १,५०० आणि लोकर ३५०. आमचा स्वेटर १,८५० रुपयांचा झाला. आता सांगा, "विकत मिळतं की" म्हणताना तुम्ही नक्की कशाची कशाशी तुलना केलीत?

यंत्राला माझा विरोध नाही. यंत्र कालचं नाही. विल्यम ली नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र १५८९ साली बनवलं, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या ४१ वर्षं आधी. तेव्हापासून हाताने विणण्याची 'गरज' संपते आहे, आणि सव्वाचारशे वर्षं झाली तरी माणसं विणतच आहेत. याचा अर्थ विणणं गरजेपोटीच होतं हे मुळातच खरं नसावं. यंत्रावरचा स्वेटर मीही घालते, थंडीत पहाटे फिरायला जाताना. निफाडचा पारा पाचाखाली गेल्याची बातमी आली की नाशिकमध्ये आम्हीही जे हाताला लागेल ते अंगावर घालतो! तो स्वेटर चांगला आहे, फक्त तो बहुतेक वेळा कापून शिवलेला असतो. उसवला तर अखंड धागा मिळत नाही, वीत-वीत तुकडे मिळतात. तो दुसऱ्याचा होऊ शकत नाही. एवढाच त्याचा दोष.

पण या स्वस्ताईत एक गोष्ट मला खरोखर टोचते, आणि ती माझ्या स्वेटरची नाही, क्रोशाची आहे. क्रोशाचे टॉप, पिशव्या, टेबलावरचे रुमाल हल्ली दुकानादुकानांत लटकलेले दिसतात. तीनशे, चारशे, पाचशे. घेणाऱ्यांना वाटतं यंत्रावर भराभर निघत असतील. तसं दिसणारं यंत्राचं कापड असतं, पण खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. एका आकडीवर एकेक साखळी कुणीतरी हातानेच घातलेली असते. म्हणजे "विकत मिळतं की" म्हणताना तुम्ही विकत घेता ते कुणाचे तरी हातच. फक्त ते हात बारशाला आलेले नसतात, त्यामुळे त्यांना 'कशाला डोळे फोडलेत' असं विचारायची सोय नाही.

आंध्रात पश्चिम गोदावरीच्या मुलखात नरसापूर आहे. तिथल्या बायका मिशनऱ्यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यामध्ये राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा मला शाळेतल्या फळ्यावर लिहून ठेवावासा वाटला होता. या बायका दिवसाचे कितीतरी तास विणतात, त्यावर व्यापारी श्रीमंत होतात, पण त्यांना कामगार कुणीच म्हणत नाही. त्या 'गृहिणी', आणि त्यांचं काम म्हणजे 'फावल्या वेळातला उद्योग'. फावल्या वेळातलं म्हटलं की मजुरी कमी देता येते. केवढी सोयीची व्याख्या! २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंदच आहे. पण मानांकन लेसला मिळतं. बाईच्या तासाला काय मिळालं, हे मानांकनाच्या कागदावर नसतं.

म्हणून 'टाइमपास' या शब्दाची मला चीड आहे. मी सांगते कुठून सुरू झाली ती.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पुरुष शिक्षक पेपर वाचायचे, क्रिकेटचा स्कोअर विचारायचे, एकजण तर डोळे मिटून खुर्चीत सरळ झोपायचे (घोरायचे नाहीत, हे त्यांचं मोठेपण). मी आणि दोघीजणी विणायचो. एक दिवस मुख्याध्यापक आले, आमच्याकडे बघून म्हणाले, "बाई, शाळा म्हणजे घर नव्हे." पेपरवाल्यांना काही नाही, झोपलेल्यांना काही नाही. म्हणजे काहीच न करणं हे शाळेत शोभतं, आणि काहीतरी होत असेल तर ते घरगुती! त्या वेळी मी गुपचूप सुया पिशवीत टाकल्या. आज टाकणार नाही. अर्थात आज मला कोण शाळेत घेतंय.

मी हे शिकले तेही कुणी फावला वेळ दिला म्हणून नव्हे. प्राथमिक शाळेत आम्हाला टकळी आणि पेळू होते, गांधीजींच्या नई तालीमचा उरलासुरला धागा. माझं सूत इतकं जाडंभरडं निघायचं की गुरुजी म्हणायचे हिच्या सुताने बैल बांधा. सुया हातात आल्या त्या १९६२ साली. मी सातवीत होते. ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं, आणि देशभर बायका जवानांसाठी विणायला बसल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले (पुढच्याच वर्षी आमच्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडूनही गेले), आणि आमच्या शाळेत खाकी लोकर आली. मुलींनी मफलर विणायचे. सगळं सुलट, दोन्ही बाजूंनी. सोपं काम. पण बारा वर्षांच्या पोरीला कसलं सोपं? माझे ४० टाक्यांचे मध्येच ४३ व्हायचे, मध्येच ३८. आमच्या बाईंनी तो मफलर तीनदा उसवायला लावला. म्हणाल्या, "तो बर्फात उभा आहे. त्याच्या गळ्याशी भोक चालेल का तुला?"

तो मफलर पुरा झाला तोवर युद्ध थांबलं होतं. शाळेने गठ्ठा पाठवला तेवढं आठवतं. तो कुणाच्या गळ्यात पडला, पडला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. पण न बघितलेल्या माणसाच्या गळ्याचा विचार करत ४० टाके मोजायचे, हे मी त्या दोन महिन्यांत शिकले. पुढे बी.ए.ला काव्यशास्त्र शिकले, त्यातलं निम्मं विसरले. हे नाही विसरले.

पुढे नोकरीत कार्यानुभवाचा तास माझ्याकडे आला तेव्हा मी आठवीच्या मुलांनाही सुया दिल्या. एक पालक तक्रार घेऊन आले. मुलाला बायकांची कामं शिकवता? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दोन आहेत. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच टोपी विणायला शिकतात, आणि त्या बेटाच्या विणकामाला युनेस्कोने २००५ साली मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. आणि दुसरं, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (ते २०२१ मध्ये झालं) ब्रिटनचा टॉम डेली हा सूर मारणारा खेळाडू प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने बघितला. सुवर्णपदक मिळालेला माणूस. त्या पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पिशवीही विणली. माझ्या त्या आठवीतल्या एका विद्यार्थ्याने मला त्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बाई, हा आपल्या वर्गातला दिसतो."

आता दुसरी बाजू. चारशेवाल्या बाईंचं एक वेळ परवडलं, कारण त्यांना निदान वस्तू नको होती. दुसरी जमात कौतुक करणाऱ्यांची आहे. त्याच बारशाला भाचीची एक मैत्रीण म्हणाली, "काकू, कसलं भारी आहे! तुम्ही हे विकत का नाही? पेज काढा ना! मी करून देते सेटअप." पोरगी प्रेमाने म्हणाली, मला कळतं. पण तिच्या दृष्टीने चांगलं झालेलं काम म्हणजे विकायला तयार झालेलं काम. मी चांगल्या पुरणपोळ्या करते तर केटरिंग का नाही, आवाज चांगला आहे तर चॅनेल का नाही. ज्यांना विकायची गरज आहे त्या बायकांबद्दल मला आदरच आहे, आणि त्यांच्याकडून घेताना घासाघीस करणाऱ्यांबद्दल अजिबात नाही. पण मला पेन्शन आहे. मला माझं पेज नको, मला भाचीचं बाळ हवं. अठरा हजार टाके घालताना मला कुणासाठी हे माहीत असावं लागतं. ते गेलं की उरते ती मजुरीच, आणि तीही वर हिशेब केला तशी न परवडणारी.

आणि तिसरे आरोग्यवाले! विणल्याने म्हणे ताण कमी होतो, रक्तदाब उतरतो, मेंदू तल्लख राहतो. होत असेल. माझ्या डॉक्टरांनीही "चालू ठेवा" सांगितलंय, अंगठा सोडून. पण मला याचाही राग येतो. म्हाताऱ्या बाईने एखादी गोष्ट केवळ आवडते म्हणून करावी, याला कुणाचीच तयारी नाही का? एकतर पैसे वाचले पाहिजेत, नाहीतर पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर निदान बी.पी. तरी उतरलं पाहिजे! मला नवा गुंडा उघडताना आवडतं. केबलची वेणी पहिल्यांदा वळते आणि सपाट विणीतून वर उचलून येते ती जागा मला दर वेळी नवी वाटते. साबुदाणा वीण रटाळ आहे, तीही मला आवडते. यावर गोळी लिहून देऊ नका.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस ठेवून दिलं होतं. इथेच संपवायचा बेत होता. पण मध्ये भाचीचा फोन झाला, त्यामुळे पुढचं लिहिणं भाग आहे.

झालं असं, की बारशाच्या दिवशी त्या चारशेवाल्या बाईंच्या बोलण्याने मी इतकी भाजले होते की दुसरं एक वाक्य मी गोड मानून घेतलं. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "इतकं सुंदर आहे, मी जपून ठेवते हं, आठवण म्हणून." मी कृतार्थ! एसटीत कधीतरी सिन्नरच्या आसपास लक्षात आलं की अरे, जपून ठेवते म्हणजे घालणार नाही. म्हणजे माझा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसोबत, कपाटाच्या वरच्या खणात. विकतचा निदान अंगावर तरी असेल. त्यापेक्षा त्या चारशेवाल्या बाई परवडल्या की हो!

पंधरा दिवस गिळून मग मी भाचीला विचारलंच, की घातलास का गं एकदा तरी. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्या, तू रागावणार नसशील तर सांगते."

"रागावणार. सांग."

"डोकं जात नाही गं त्याचं. गळा घट्ट आहे. दोनदा प्रयत्न केला, तो इतका रडला की मला भीतीच वाटली. सासूबाईंनी तुला वाईट वाटू नये म्हणून ते जपून ठेवायचं म्हटलं."

मंडळी, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं हे मला माहीत नाही का? तान्ह्या बाळाच्या स्वेटरला खांद्यावर बटणपट्टी ठेवतात किंवा पुढून उघडा करतात, हे मी स्वतः किती जणींना शिकवलंय! पण मला त्या गळ्याभोवती छोटी वेणी घालायची होती. अखंड, गोल. ती माझी हौस होती. बाळाचं डोकं त्या हिशेबात नव्हतंच. १९६२ च्या बाईंनी तो चौथ्यांदा उसवायला लावला असता.

आणि हे एकदाच झालंय असंही नाही. खरं लिहायचं तर माझ्या भाच्यांनी, पुतण्यांनी माझे स्वेटर फोटोपुरते घातले आहेत. एका पुतण्याला मी मुंबईत, दादरला, पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा, अस्सल लोकरीचा स्वेटर दिला होता. दादरला! तो बिचारा संक्रांतीला माझ्यासमोर तो घालून घाम पुसत तिळगूळ घ्यायला आला होता, आणि मी शेजारणीला म्हणाले होते की बघा, काकूचा स्वेटर सोडत नाही. आम्ही विणणाऱ्या बायका हे सर्रास करतो. कुणाला विचारत नाही, माप घेत नाही, रंग आपल्या आवडीचा, वीण आपल्याला जी करून बघायची आहे ती. मग वर अपेक्षा अशी की समोरच्याने डोळ्यांत पाणी आणावं. त्याला धुता येत नाही (गरम पाण्यात घातला की खरी लोकर आटून बाहुलीचा स्वेटर होतो), देऊन टाकता येत नाही, आणि दर दिवाळीला आम्ही विचारणार, "घालतोस ना रे?" विकतची वस्तू निदान परत तरी करता येते.

तर माझं चारशेवाल्या बाईंशी भांडण कायम आहे, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पण यापुढे मी न विचारता विणणार नाही. आणि घेणाऱ्यांना विनंती, की नको असेल तर नको म्हणा, तोंडावर म्हणा, मी एक रात्र रागावेन. हवं म्हणालात तर मात्र वापरा. दूध सांडू द्या, सुपारीएवढं भोक पडू द्या, मी रफू करून देईन. पण जपून ठेवू नका.

भाचीला म्हटलं, पाठव तो स्वेटर इकडे. तिने कुरियरने पाठवला, चार दिवसांत आला. घडी अगदी तशीच होती. मी गळ्याची वेणी उसवली (हात जड झाला, खोटं कशाला बोलू), टाके सुईवर घेतले, डावा खांदा उघडला आणि दोन्ही कडांना एक उलट एक सुलट अशी पट्टी विणून तीन काजी ठेवली. बटणं माझ्या डब्यातलीच लावली, शिंपल्याची, यांच्या एका जुन्या सदऱ्याची. यांना जाऊन नऊ वर्षं झाली, सदरा कधीच फाटला, बटणं होती. सगळं मिळून एक संध्याकाळ आणि एक सकाळ गेली. मोठ्या नारळावरून घालून काढून बघितला, गेला.

परवा भाचीला विचारलं, पुढच्या हिवाळ्यासाठी विणू का? तेव्हा तो वर्षाचा असेल. तिने रात्री उशिरा उत्तर पाठवलं: "विण. छाती २० इंच धर, जरा सैल. पुढून उघडा, चेन नको, बटणं. पिवळा नको, प्लीज. आणि आत्या, टोचणारी लोकर नको."

माझ्याकडे आणलेली लोकर पिवळीच होती. उद्या बदलून आणते.